यात्रा झाली की बघू

(स्मृती व्याख्यानमालेत साताऱ्यातील छोट्या व्यापारी-उद्योजकांसमोर दिलेलं व्याख्यान)

दुकान पोराच्या नाहीतर नोकराच्या भरवशावर टाकून इथं आलेल्या बंधू-भगिनींनो,

सांगलीच्या माणसाला साताऱ्यात बोलवायचं आणि कामं वेळच्या वेळी करण्यावर बोलायला लावायचं, हे आयोजकांचं धाडसच म्हणायचं. पण मी अगदीच परका नाही. आमच्याकडचा बराच मुलूख 1949 सालापर्यंत तुमच्याच जिल्ह्यात होता. मग 'दक्षिण सातारा' वेगळा निघाला आणि 1960 साली त्याचं नाव सांगली झालं. तेव्हा धंद्याच्या सवयी एकाच घरातल्या आहेत, चांगल्याही आणि आज ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे त्याही.

मी कर सल्लागार. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात माझ्या ऑफिसात चिटपाखरू फिरकत नाही आणि अठरा ते वीस तारखेला पाय ठेवायला जागा नसते. येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, "साहेब, या वेळी जरा राहिलंच." 'या वेळी' हे मी माझ्या कारकिर्दीच्या पहिल्या वर्षापासून ऐकतो आहे.

आपल्या भागात काम पुढं ढकलायला कारण शोधावं लागत नाही, ते कालनिर्णयात छापून येतं. नवीन हिशेबनीस ठेवायचा आहे? संक्रांत होऊ दे. संक्रांत झाली की मार्च एंड तोंडावर. पाडव्याला मुहूर्त चांगला, पण पाडव्यानंतर यात्रांचा हंगाम, म्हणून गावची यात्रा झाली की बघू. मग लग्नसराई. मग पेरण्या, तेव्हा गिऱ्हाईकच नाही, कशाला खर्च वाढवायचा. आषाढात नवीन काम धरू नये असं आई म्हणते. गणपतीत वर्गणीवाले बसू देत नाहीत आणि पितृपक्षाचं तर नावच काढायला नको. दसऱ्याला नक्की! पण दसरा ते दिवाळी डोकं वर काढायला फुरसत नसते. दिवाळीनंतर कारखान्याची धुराडी पेटली की उसाचं बिल जमा होऊ दे, पैसा फिरू दे. तोवर संक्रांत आलेली असते. पंचांगानं आपल्याला साडेतीन मुहूर्त दिले, उरलेले दिवस आपण सबबींना वाटून टाकले.

आता याला आळस म्हणावं का? मला तसं म्हणवत नाही. इथं बसलेल्यांपैकी बहुतेकांचं शटर सकाळी लवकर वर जातं आणि रात्री उशिरा खाली येतं. मधल्या वेळेत जेवणाचा डबा दोन-तीनदा बंद करावा लागतो. या माणसाला आळशी म्हणणारा एक तर पगारदार असेल किंवा व्याख्याता. दिवसभर राबणारा हा माणूस नेमकं काय पुढं ढकलतो, ते बघायला हवं. मी माझ्यापुरती एक यादी करून ठेवली आहे. जुन्या गिऱ्हाइकाकडं उधारी मागणं. दर वाढवणं. वडिलांच्या वेळच्या कामगाराला, "काका, आता तुम्हाला हे मशीन झेपत नाही" असं सांगणं. रोजमेळ आणि बँकेचं खातं ताडून बघणं. दुकानाचा विमा. भावाभावांत काय कुणाचं ते कागदावर आणणं.

यातलं एकही काम अंगमेहनतीचं नाही. बहुतेक कामं अर्ध्या तासाची आहेत. पण प्रत्येकात कुणाचं तरी तोंड समोर येतं, किंवा आपलंच अपयश आकड्यात दिसण्याची भीती असते. उधारी मागितली आणि माणूस तुटला तर? खतावणी मिळवली आणि तीन महिने तोट्यात चाललोय हे कळलं तर? टिमोथी पिचिल आणि फ्यूशिया सिरॉइस हे मानसशास्त्रज्ञ हेच सांगतात. चालढकलीचं मूळ त्यांना वेळेच्या नियोजनात सापडत नाही, ते मनःस्थिती सांभाळण्यात सापडतं. नको वाटणारं काम बाजूला सारलं की त्या क्षणी बरं वाटतं. हे बरं वाटणंच सवय लावतं. म्हणून तर वसुलीचा फोन करायच्या दिवशी आपल्याला गोडाऊनमधला रॅक लावायची हुक्की येते. रॅक छान लागतो. घाम येतो, काम केल्याचं समाधान मिळतं, आणि फोन उद्यावर जातो.

अर्थशास्त्रात या विषयावर 1991 साली एक गाजलेला लेख आला. लेखक जॉर्ज एकरलॉफ. त्याची सुरुवात भारतातली आहे, म्हणून सांगतो. एकरलॉफ तरुणपणी वर्षभर भारतात राहत होते. त्यांचे मित्र जोसेफ स्टिग्लिट्झ भेटायला आले आणि परत जाताना विमानात सामान जास्त झालं म्हणून कपड्यांचं एक खोकं मागं ठेवून गेले. ते अमेरिकेला पाठवून द्यायचं होतं. आपल्याकडचं पार्सलचं काम म्हणजे अख्खा दिवस जाणार, असा एकरलॉफ यांचा अंदाज होता. त्यामुळं रोज सकाळी ते ठरवायचे की उद्या पाठवू. असं आठ महिन्यांहून जास्त काळ चाललं. शेवटी दुसरा एक मित्र आपलं सामान अमेरिकेला पाठवत होता, त्याच्या सामानात ते खोकं गेलं. पुढं 2001 साली या दोघांना, मायकेल स्पेन्स यांच्यासोबत, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे बुद्धी कमी असल्यामुळं हे होतं असा कुणाचा समज असेल तर तो सोडून द्या.

त्या लेखातलं मर्म असं. आज काम करण्याचा त्रास डोळ्यांसमोर असतो, ठसठशीत. एक दिवस उशीर झाल्याचा तोटा मात्र अगदी किरकोळ असतो. त्यामुळं कुठल्याही एका दिवशी 'उद्या' म्हणणं हे हिशेबात बसतं. चूक एकेका दिवसात दिसतच नाही, ती बेरजेत दिसते. जीएसटीचं रिटर्न उशिरा भरलं तर विलंब शुल्क दिवसाला 50 रुपये, निरंक असेल तर 20. पन्नास रुपयांत दोन चहा आणि एक वडापाव येतो, त्यासाठी कोण उठून धावत येईल? पण थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्के व्याज चालू असतं, आणि तुम्ही रिटर्न भरलं नाही म्हणून तुमच्याकडून माल घेणाऱ्याला त्याचं क्रेडिट मिळत नाही. तो एकदा फोन करतो, दोनदा करतो, तिसऱ्यांदा माल दुसरीकडून घेतो. तो तोटा कुठल्याच चलनावर छापलेला नसतो.

आमच्या कुपवाडच्या एमआयडीसीत सुटे भाग बनवणारे एक गृहस्थ आहेत. हात सोन्याचा. मोठ्या कंपन्यांना माल द्यायचे आणि बिल आठ-आठ दिवस पाठवायचे नाहीत. पाठवलं तर पैशांसाठी तोंड उघडायचे नाहीत. त्यांना मी 2006 चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा वाचून दाखवला. त्यात सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचा माल स्वीकारल्यापासून लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि करारच नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे आहेत. नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. आयकरातही आता तरतूद आहे की घेणाऱ्यानं मुदतीत पैसे चुकते केले नाहीत, तर तो खर्च त्याला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते. ती आधार आणि पॅनवर घरबसल्या, फुकट होते. गृहस्थ खूश झाले. "करून टाकू," म्हणाले. कधी, ते तुम्ही ओळखलं असेल. गावची यात्रा झाल्यावर.

इथं कुणीतरी मनात म्हणत असेल की धंद्यात थांबावंही लागतं, घाई करणाराच बुडतो. बरोबर आहे, आणि सांगलीचा माणूस हे नाकारूच शकत नाही, कारण आमची सगळी पेठ थांबण्यावर उभी आहे. हळद ठेवता येते. कृष्णेकाठी हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीत खोल खणलेली. हळद भरून तोंड बंद केलं की आत हवा नाही, त्यामुळं कीड नाही. वर्षानुवर्षं माल तसाच राहायचा. उघडल्यावर आतली हवा मोकळी होईपर्यंत कुणी आत उतरायचं नाही, हा तिथला दंडक. दर चढेपर्यंत थांबायचं आणि मग काढायचं. हा धीर होता, त्यात अक्कल होती.

पण त्या थांबण्यात आणि आपल्या 'बघू'त फरक आहे. पेवात हळद ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला ठाऊक असतं की अमुक दर आला की काढायची, आणि अमुक इतका खाली गेला तर तोटा सोसूनही काढायची. त्याचं थांबणं एका आकड्याला बांधलेलं असतं. आपल्या थांबण्याला आकडाच नसतो. "मार्केट सुधारू दे" हा आकडा नव्हे. दुसरी शाखा काढायची की नाही हे पाच वर्षं ठरत नसेल, तर एवढंच विचारा: काय झालं की मी ती काढीन आणि काय झालं की विचार सोडून देईन? उत्तर कागदावर लिहिता आलं तर तुम्ही थांबला आहात, खुशाल थांबा. लिहिता येत नसेल तर तुम्ही टाळता आहात.

आणि थांबणाऱ्यालाही नदी सोडत नाही. 2005 च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं, हळद नासली, आणि तो शेकडो वर्षांचा व्यवहार जवळपास संपला. त्यानंतर आमच्या गणपती पेठेत, हरभट रोडला, मारुती चौकात प्रत्येक भिंतीवर 2005 ची खूण झाली. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून गेलं, तेव्हा दुकानदारांनी माल त्या खुणेच्या वर चढवला आणि निर्धास्त झाले. पाणी 57 फुटांवर गेलं, खूण कुठच्या कुठं बुडाली. चौदा वर्षं मधे गेली होती. त्या चौदा वर्षांत पूरविमा हा विषय किती दुकानांत किती वेळा निघाला असेल, आणि 'हप्ता भरायचाय, बघू' यावर संपला असेल! साताऱ्याला पूर येत नाही असं समाधान करून घेऊ नका. आग इथंही लागते.

हळद थांबते. आता न थांबणाऱ्या दुधाकडं या. भास्कर गणेश चितळे तुमच्या इथल्या लिंब गोव्याहून आमच्याकडं भिलवडीला आले आणि 1939 साली त्यांनी दुधाचा धंदा उभा केला. भिलवडीला कृष्णाकाठची गुरंढोरं आणि रेल्वे, दोन्ही हाताशी. पुढं 1950 मध्ये पुण्याचं दुकान झालं, त्याची कीर्ती मी सांगायला नको. पूर्वी दुपारी एक ते चार बंद राहण्याच्या त्यांच्या सवयीवर पुणेकरांनी जे विनोद केले तेही तुम्हाला पाठ असतील. मला त्या विनोदांपेक्षा दुधात रस आहे. दूध कुणाचं 'बघू' ऐकून घेत नाही. सकाळी आलेल्या दुधाचं काय करायचं हे त्याच सकाळी ठरवावं लागतं, नाहीतर ते दुपारी आपलं आपण ठरवतं. म्हणून दुधाच्या धंद्यात माणूस आपोआप वेळेचा पक्का होतो, त्यात त्याच्या स्वभावाचं कौतुक थोडं कमी आणि दुधाचं जास्त. माझा अनुभव असा की भाजीवाला, फूलवाला, मिठाईवाला यांच्या वह्या हार्डवेअरवाल्यापेक्षा आणि कापडवाल्यापेक्षा सरस असतात. लोखंडी खिळा दहा वर्षं सडत नाही. मालक मात्र त्या खिळ्याच्या चालीनं चालायला लागतो.

तेव्हा प्रश्न असा आहे की ज्याचा माल नासत नाही त्यानं घाई कुठून आणायची?

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आपल्याकडं शाळेपासून सांगतात, पण तिचा एक भाग सांगायचा राहतो. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची बढती डावलली गेली, म्हणून त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात सायकलींचं दुकान चाललं होतं, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगराला दोन वर्षं गिऱ्हाईक मिळालं नाही. लोखंडानं जमीन विषारी होते असं शेतकऱ्याला वाटत होतं. पुढं नगरपालिकेनं जागा रिकामी करायला सांगितली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी नुकतेच गादीवर आले होते, त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगानं भरलेला माळ दिला आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. सांगायचा राहतो तो भाग असा की या माणसाच्या आयुष्यातली दोन्ही मोठी पावलं दुसऱ्यानं धक्का दिल्यावर पडली, एकदा बढती नाकारणाऱ्यांनी आणि एकदा जागा काढून घेणाऱ्यांनी. मी त्यांचं मोठेपण कमी करत नाही. धक्का शेकडो लोकांना बसतो, त्यातले बरेच रडत बसतात. पण एवढा कर्तबगार माणूसही नोटिशीवाचून बेळगावच्या जागेतून कदाचित निघाला नसता, हे ध्यानात ठेवलं तर आपण आपल्यावर विनाकारण चिडत नाही. आपल्याला नोटीस देणारं कुणी नाही, हीच अडचण आहे. मालक म्हटलं की वर साहेब नसतो. ज्यासाठी आपण धंदा काढला तेच सुख आपल्याला नडतं.

त्याच किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरणारा एक माणूस होता, तो पुढं तुमच्या साताऱ्याच्या कूपरांकडंही होता. गाव हिंडता हिंडता त्याला जे दिसलं त्यातून 1919 साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली. भाऊराव पाटलांबद्दल साताऱ्यात अधिक बोलणं म्हणजे आगाऊपणा होईल. एवढंच नोंदवतो की त्यांनी आधी पोटापाण्याची व्यवस्था लावून, भांडवल जमवून, मग शिक्षणाकडं वळू असं म्हटलं नाही.

नोटीस कुठून आणायची, याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला आमच्याच बाजारात सापडलं, सांगली-तासगावच्या बेदाण्याच्या बाजारात. बेदाणाही हळदीसारखाच, शीतगृहात ठेवला की राहतो. सौद्यात व्यापारी घेतो, अडत्याकडून शेतकऱ्याला पैसे जायचे असतात, आणि मधे उधारी लांबत जाते. त्यावर त्या बाजारानं काढलेला तोडगा म्हणजे 'झिरो पेमेंट'. दिवाळीच्या सुमारास काही आठवडे सौदेच बंद. त्या काळात ज्यानं त्यानं ज्याचे त्याचे पैसे चुकते करायचे, खाती शून्यावर आणायची. ज्याची बाकी राहील त्याला पुढच्या सौद्यात बसता येत नाही. इथं कुणी कुणाला नीतीचे पाठ देत नाही. व्यापाऱ्यांना माहीत आहे की आपण माणसं आहोत, आपल्याला सुटं सोडलं तर आपण टाळणार. म्हणून त्यांनी मिळून आपल्या हातांनी आपल्याच मानेवर मुदत ठेवली. यात कधी कुणाला सवलत मिळत नसेल असं मी म्हणत नाही. तरी दरवर्षी एकदा अख्खा बाजार थांबतो आणि हिशेबाला बसतो, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

हे लहान प्रमाणात प्रत्येक जण करू शकतो. तुम्हाला विचारण्याचा अधिकार कुणाला तरी द्या. दुसऱ्या धंद्यातला एक मित्र निवडा. दर आठवड्याला, समजा सोमवारी संध्याकाळी, दुकान बंद झाल्यावर एकमेकांना एवढंच विचारायचं की मागच्या सोमवारी जे एक काम सांगितलं होतंस ते झालं का. एकच काम. दहा कामांची यादी म्हणजे नऊ पळवाटा. आणि झालं नसेल तर काही बोचेल असं ठरवा: पाचशे रुपये मंदिराच्या पेटीत टाकायचे नाहीत, त्यानं पुण्य लागतं आणि पुन्हा चुकायला हुरूप येतो. ते तुम्हाला न आवडणाऱ्या मंडळाच्या वर्गणीत द्या.

घरातल्या माणसाला हा अधिकार द्यावा का, असं मला नेहमी विचारतात. अनेक दुकानांत खरा हिशेब वहिनींच्या डोक्यात असतो. कुणाकडून किती येणं आहे ते त्यांना तोंडपाठ असतं, आणि त्या विचारतातही. पण त्यांनी विचारलं की ती कटकट होते, मित्रानं विचारलं की ती आठवण होते. हा आपला दोष आहे, त्यांचा नाही. तो सुधारेपर्यंत निदान वसुलीचं काम रीतसर त्यांच्याकडं सोपवा. त्या तुमच्यापेक्षा लवकर पैसे आणतील, कारण त्या गिऱ्हाइकाबरोबर त्या कट्ट्यावर चहा प्यायलेल्या नसतात.

वडील आणि मुलगा एका गल्ल्यावर असतात तिथं चालढकलीला आदराचं रूप येतं, आणि ते जास्त अवघड असतं. मुलगा म्हणतो, "दादांना विचारतो." दादा म्हणतात, "आता काय ते हाच बघतो." दोघंही खरं बोलत असतात आणि काम दोघांच्या मधे पडून राहतं. माझ्याकडं असे पिता-पुत्र येतात तेव्हा मी दोघांसमोर एक कोरा कागद ठेवतो. एका बाजूला दादांनी ठरवायच्या गोष्टी, दुसऱ्या बाजूला मुलानं ठरवायच्या. खाली दोघांच्या सह्या. बँकेत कुणाची सही चालते, भाडेकरार कुणाच्या नावानं आहे, जागा कुणाच्या नावावर आहे, हे सगळं त्याच बैठकीत निघतं. एकदा अर्ध्यातच दादा उठून गेले होते. पुढच्या आठवड्यात ते स्वतःच कागद घेऊन आले. वाटणीचं आणि मृत्युपत्राचं काम अशुभ मानून जे पुढं ढकलतात, त्यांच्या मुलांना मी नंतर कोर्टाच्या आवारात भेटतो.

शेवटी एक विनंती. हे व्याख्यान संपल्यावर प्रश्नोत्तरं आहेत, मग आभार, मग चहा. चहाच्या वेळी ज्यांना आपला सोमवारचा माणूस या सभागृहात दिसतो आहे, त्यांनी त्याला तिथंच गाठावं, नंबर घ्यावा आणि पहिलं काम सांगून टाकावं. आणि आज अठरा तारीख आहे. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची मुदत परवा संपते. ज्यांचं राहिलं असेल त्यांनी कृपया उद्याच आपल्या सल्लागाराकडं जावं, परवा तिथं फार गर्दी असते.